लाल कॅसेट आणि निळी कॅसेट

शुद्धलेखनाची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली आणि नंतर हातात पेन आलं ते किराणाच्या चिठ्ठीपुरतंच. माझे काने सरळ येत नाहीत, वेलांटी पहिली की दुसरी ते अंदाजाने ठरवते, आणि हात भरभर चालला की अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. पण परवा नातीने फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या दुकानातले ते सैनिकांचे दोन खेळ आता मोबाईलवर मिळतात. दोन्हीचे पुढचे भाग पण आहेत. आधी कोणता खेळू?" उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. पण समोर पाहुणे बसलेले, त्यांच्या देखत बोलवेना. "नंतर सांगते," म्हणून फोन ठेवला. म्हणून आता कागदावर सांगते.

तेव्हा आम्ही तेलगावला होतो. घराची पुढची खोली रस्त्याला लागून होती आणि त्यात नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरोघर रंगीत टीव्ही आले, गच्चीवर छत्र्या लागल्या, तसं रेडिओ घेऊन कुणी येईना. नवऱ्याने ठरवलं, व्हिडिओ गेमचं दुकान टाकायचं. तासावर पैसे घ्यायचे. टीव्ही आणि मशीन घ्यायला पैसे दिले माझ्या थोरल्या नणंदेने. वन्सं कडा गावी राहायच्या. पाटल्या करायला त्यांनी ते पैसे साठवले होते. देताना एवढंच म्हणाल्या, "दिवाळीपत्तूर पैसे परत. न्हाईतर टीव्ही अन् मशीन माझ्या घरी."

नवरा औरंगाबादहून सामान घेऊन आला. गाड्यांच्या शर्यतीची कॅसेट, कराटेची कॅसेट, आणि आणखी दोन, एक लाल आणि एक निळी. दोन्हींवर तलवारी घेतलेली माणसं होती. नाव वाचायला कुणाला येत होतं? "मारामारीच्या हायेत, लई चालतील," असं म्हणून त्याने त्या जरा जास्त पैसे देऊनच आणल्या.

लाल कॅसेट लावली तर पडद्यावर चौकोन चौकोन आखलेलं मैदान. एक सैनिक उचलायचा, चार-पाच घरं पुढे ठेवायचा, मग दुसरा उचलायचा. सगळे हलवून झाले की शत्रूची पाळी. निळीतही तसंच. कॉलेजची पोरं रिमोट आपटायला लागली.

"काका, ह्यो हालतच न्हाई. बसूनच ऱ्हायलाय."

"त्याला चहा पाज बे, मग हालंल," दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. दोन्ही कॅसेटी फळीवर गेल्या.

पुढे स्टँडजवळ दुसरं दुकान निघालं. तिथलं मशीन नवं होतं, गाड्या जास्त होत्या. शर्यत खेळणारे सगळे तिकडे गेले. आमच्या खोलीत दुपारी पंखा आणि मी, दोघंच. नवरा लोकांच्या घरी टीव्ही दुरुस्तीला फिरायचा. टीव्ही जाणार हे मला दिसत होतं. टीव्ही गेला असता तर दुकान गेलं असतं, आणि दुकान गेलं असतं तर मी परत आतल्या खोलीत गेले असते. दाराशी बसून रस्ता बघायची मला सवय झाली होती. लोकांशी बोलायची हिंमत नव्हती, पण त्यांच्यात बसायला आवडायचं.

एका दुपारी दाराचा पडदा ओढून मी लाल कॅसेट लावली. मैदानाकडे बघता बघता वाटलं, हे चौकोन तर आपल्या ओळखीचे आहेत.

आमच्याकडे चल्लस-आठ घरोघर खेळायचे. फरशीवर खडूने घरं आखायची, चिंचोके टाकायचे, दान पडेल तशी सोंगटी पुढे न्यायची. सोंगटी मेली तर आपल्या घरी जाते आणि पुन्हा निघते. म्हणून चल्लस-आठ खेळणारी बाई सोंगटी बेधडक पुढे लोटते. मीही तशीच खेळले. माझ्याकडे पांढऱ्या कपड्यातली एक बाई होती, हात वर करून जखमी माणसांना बरं करायची. तिला मी सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवलं आणि ती मेली. मला काहीच वाटलं नाही. पुढच्या लढाईत निघेल, म्हटलं. पुढची लढाई झाली, त्याच्या पुढची झाली, ती काही आली नाही. जखमी माणसं तशीच लढत होती. तेव्हा लक्षात आलं, ही वाघ-बकरी आहे. वाघाने बकरी खाल्ली की ती पटावरून उचलायची, परत ठेवायची नाही. मी सगळा डाव पहिल्यापासून मांडला आणि त्या बाईला चिलखतवाल्याच्या मागे उभी केली.

निळी मात्र चल्लस-आठ निघाली. तीत मेलेला माणूस देवळासारख्या एका घरात जाऊन पैसे दिले की उठून उभा राहायचा. लढाई झाली की गावात हिंडायचं, लोकांशी बोलायचं, दुकानातून तलवार घ्यायची. हरलात तरी सैनिक शिकलेलं विसरत नव्हते. तीच लढाई पुन्हा केली की आणखी दांडगे व्हायचे.

लालमध्ये हिंडणं फारसं नाही, तिथं सगळा हिशोब. भाल्याला कुऱ्हाड भारी, कुऱ्हाडीला तलवार भारी, तलवारीला भाला भारी. आणि हत्यार वापरून वापरून झिजतं आणि मोडतं. चांगली तलवार किरकोळ शत्रूवर घालवली तर राजा समोर आला की हात रिकामे. आमच्याकडे चांगला विळा काटेरी झुडपावर कुणी चालवत नाही, तसंच.

एवढं कळल्यावर मी दुकानाच्या फरशीवर खडूने घरं आखली, चिंचोके मांडले, आणि कॉलेजच्या दोन पोरांना नवऱ्याकडून निरोप दिला की फरशीवर आधी खेळून बघा. नवरा सांगायचा, मी आतल्या खोलीतून त्याचं चुकलं की खोकायचे. आठवडाभर असं खोकून झाल्यावर पोरंच म्हणाली, "काकू, तुमीच सांगा ना. काकाला काय कळतंय घंटा." तेव्हापासून मी सांगायला लागले, खाली बघून का होईना.

हळूहळू गिऱ्हाईक ठरलं. ती दोन पोरं, कारखान्यातला एक वेल्डर आणि समोरचा शिंपी. शर्यतीवाले मिनिटात हरून निघून जायचे. हे लोक मात्र आपले सैनिक माझ्या दुकानात ठेवून जायचे आणि त्यांच्यासाठी परत यायचे.

एका कॅसेटमध्ये तीनच डाव राहायचे. आम्ही त्याला जागा म्हणायचो. निळीतली एक जागा पोरांची, एक वेल्डरची, एक शिंप्याची. माझा नियम एकच होता. ज्याची जागा, त्याने सांगितल्याशिवाय पुसायची नाही. स्टँडजवळच्या दुकानात जो बसेल तो दुसऱ्याचं पुसून आपलं सुरू करायचा. एकाच गोष्टीची भीती होती, ती लाईटची. लालमध्ये लाईट गेली तरी लढाई होती तिथे सापडायची. निळीत देवळात जाऊन यावं लागायचं, तरच डाव राहायचा. म्हणून लाईट जायची वेळ झाली की मी आतून ओरडायचे, "देवळात जा, देवळात जा!" रस्त्याने जाणारी माणसं दचकून आत बघायची.

दिवाळीच्या तोंडावर वन्सं आल्या. काखेत मोठी चादर होती.

"चादर कावून आणली आक्का?" नवऱ्याने विचारलं.

"टीव्हीला. गाडीत थंडी वाजंल त्याला."

आमच्याकडे निम्मे पैसेसुद्धा जमले नव्हते. वेल्डर निळी कॅसेट खेळत होता. वन्सं भिंतीला टेकून बघत बसल्या. चल्लस-आठमध्ये त्यांचा हात धरणारं कड्यात कुणी नव्हतं. वेल्डर गेल्यावर म्हणाल्या, "दाव बरं मला."

लाल कॅसेटमध्ये एक जागा मोकळी होती, म्हणून मी लाल लावली. वन्संनी पहिल्याच झटक्यात घोडेस्वार एकटाच पार पुढे धाडला.

"वन्सं, एकट्याला नका धाडू."

"मला शिकवती का? माझ्या सोंगट्या सगळ्यांच्या आधी घरात जातात."

शत्रूचे तिघं आले आणि घोडेस्वार पडला. वन्सं वाट बघत बसल्या.

"आता निघंल कधी ह्यो?"

"न्हाई निघत. गेला तो."

"घोडा बी?"

"घोडा बी."

"असला कसला मेला खेळ! मघाची लाव."

मी निळी लावली. पडद्यावर तीन जागा दिसल्या, तिन्ही भरलेल्या. म्हटलं, जागा नाही.

"पुस की एक. त्या मघाच्या माणसाची पुस."

"न्हाई वन्सं."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"न्हाई म्हंजी? टीव्ही कुणाच्या पैशाचा हाय?"

"तुमच्या. टीव्ही न्या तुमी. पण मी पुसणार न्हाई. ते त्या माणसाचं हाय. माझ्याकडं ठेवून गेलाय."

"अगं, एक डाव तर हाय," नवरा म्हणाला.

"तू गप रे," वन्संनी त्याला दटावलं. मग मला विचारलं, "रोज येतो का तो?"

"पाळी सुटली की येतो."

"स्टँडवर का जात न्हाई?"

"तिथं पुसतात."

वन्संनी चहा पिला. बशी खाली ठेवली. चादर उलगडतील म्हणून मी टीव्हीवरचा रुमाल काढायला उठले, तर त्यांनी चादर तशीच घडीची उचलून फळीवर ठेवली.

"लोकाचा खोटा सैनिक पुसत न्हाईस, माझे पैसे काय बुडवशील. उन्हाळ्यापत्तूर थांबते. चादर हितंच ऱ्हाऊ दे. दिसत ऱ्हाईल तुला."

रोज दिसायची. पण मला तिची भीती वाटली नाही. हिवाळ्यात नवऱ्याने दोन्ही खेळांचे दुसरे भाग आणले. लालच्या दुसऱ्या भागात माणसं नवी पण नियम तेच, मेला तो मेलाच. निळीत गाव नवं पण देऊळ तसंच. पहिले खेळलेल्यांनी दुसरे धरले, आणि त्यांच्या जोडीने नवे आले. नव्या माणसाला मी न चुकता निळी लावून द्यायचे.

तर बाळा, तुलाही तेच सांगते. आधी निळी. चुका कर, माणसं मरू दे, देवळात नेऊन उठव, कुणाला पुढे ठेवायचं आणि कुणाला मागे ते हाताला कळू दे. मग लाल घे. लाल जास्त चांगली आहे असं मला वाटतं, कारण तिच्यात प्रत्येक माणूस जपावा लागतो आणि शेवटी जेवढे उरतात ते आपले वाटतात. पण पहिल्यांदाच लाल घेतलीस तर वन्संसारखी चिडून ठेवून देशील.

चैत्रात शिंप्याचा डाव संपला. दारात उभा राहून तो म्हणाला, "वहिनी, माझी पुसा आता. दुसऱ्याला द्या." मी ती पुसली, पण ती जागा कुणाला दिली नाही.

वन्सं आल्या तेव्हा मी फळीवरची चादर काढून टीव्हीसमोर अंथरली आणि निळी लावून रिमोट त्यांच्या हातात दिला. एक जागा रिकामी बघून त्या मांडी घालून बसल्या. आधी दिलेले दोन हप्ते त्यांच्याकडे होतेच. राहिलेले पैसे मी त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी पहिला सैनिक दोनच घरं पुढे ठेवला, मागे एक सोबतीला ठेवला, मग रिमोट खाली ठेवून नोटा मोजल्या. पुऱ्या भरल्या. पदराच्या गाठीला बांधल्या आणि म्हणाल्या, "फिटले. आता हो बाजूला, मला दिसंना."