देवघरात गाडी

"देवघरात गाडी? सुलभाताई, शुद्धीवर आहात ना?" सर अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असे ओरडले.

स्क्रीनवर किहीमच्या बंगल्याचा प्लॅन होता. दारांच्या जागी सगळीकडे मोटारगाड्या. देवघरात, स्वयंपाकघरात, बाथरूमच्या उंबऱ्यावर.

"दार ठेवायला क्लिक करते तर गाडी येते. मी न्हाय काढल्या, सर."

"मग भुतानं काढल्या? क्लायंट चारला येतोय. वय झालं तुमचं. उद्यापासून येऊ नका."

माझं डोकंच फिरलं. ड्रॉइंग बोर्ड होते तेव्हापासून ही बाई चौलहून अलिबागला या ऑफिसात येतेय. मला कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढणं, तिनंच शिकवलं. मी तिच्या खुर्चीत बसले आणि प्रोग्राम उघडले.

दारं-खिडक्या काढायला आम्ही लिस्प भाषेतले छोटे प्रोग्राम वापरतो. त्या भाषेत car हा शब्द मुळातलाच. गाडीशी संबंध नाही. अर्थ एवढाच, यादीतलं पहिलं काढून दे. ड्रॉइंगवरचा पॉइंट म्हणजे आकड्यांची यादी, त्यात आडवं अंतर पहिलं. दाराचा प्रोग्राम ते car म्हणून मागतो. आणि आदल्या दिवशी कुणीतरी पार्किंगमध्ये गाडी काढायचा नवा प्रोग्राम टाकला होता. त्याचंही नाव car! लिस्प कुरकुर करत नाही. जुना अर्थ गेला, नवा बसला. दारानं अंतर मागितलं की गाडी हजर.

फाइलवर लिहिणाऱ्याचं नाव होतं. सरांचं.

"सर, हा तुमचा पराक्रम," मी म्हणाले. आवाज चढला. चढू दे!

त्यांनी वाचलं. "मग दाराच्या प्रोग्राममधला car बदल ना."

"तो सगळ्याच प्रोग्राममध्ये आहे! चोर सोडून संन्याशाला फाशी?"

मग सुलभाताई बोलली. "घरात नाव आधीच असलं तर नव्यानं आलेल्याचं बदलतात, सर. मी माहेरची शोभा. सासूही शोभा, म्हणून माझं सुलभा केलं. मला कुणी विचारलं न्हवतं. गाडीला कशाला विचारताय?"

मी गाडीचं नाव sarcar केलं. ऑफिसात त्या गाडीला अजून सरकार म्हणतात.

चारला दारं जागेवर होती. "उद्या वेळेवर या," सर सुलभाताईला म्हणाले. माफी? छे!

प्रोग्रामला नाव देताना पुढे आपलं एखादं अक्षर लावावं. आणि ओरडण्याआधी फाइलवरचं नाव वाचावं.

मी तिला आता शोभाताई म्हणते. सासू जाऊन बारा वर्षं झाली, नाव कधीचं मोकळं आहे.