चुलीमागचे जंतू आणि माझी मिठाची बरणी

आता कुठून सुरुवात करू? हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई. माझा तेव्हा जीव नुसता टांगणीला लागला होता!

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. प्रवरा नदी कोरडीठाक, आमच्या कोल्हारात हंडाभर पाण्यासाठी रांगा. आमचे धाकटे दीर, सुधाकरभाऊजी, पुण्याला जंतूंचं शिकतात. सुट्टीला येताना माणूस आंबे आणतो. ह्यांनी मुंबईकडच्या मिठागरातलं गुलाबी पाणी आणलं! त्यात कसलंसं खाद्य मिसळून बाटल्या भरल्या आणि माझ्या चुलीमागच्या फळीवर उबेला मांडल्या.

“वहिनी, ह्याला हात लावू नका. ह्यात जंतू हायेत. मिठातच जगनारे. एका बाटलीत मीठ कमी, दुसरीत जास्त. कोन किती मिठात जगतो, त्यावरून त्याची जात ओळखायची. नवी जात सापडली तर नाव निघंल आपलं!”

‘जंतू’च्या पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. आमची मंगल नुकती रांगायला लागलेली, दिसेल ते तोंडात घालणारी, आणि घरात जंतू?

मी सातवी शिकलेय. जंतू म्हणजे आजार, एवढं आरोग्याच्या धड्यात पाठ केलंय. मारायचे कसे पण? उकळले तर भाऊजी ओरडणार. मग आठवलं, कैरीचं लोणचं वर्षभर कशानं टिकतं? मिठानं! भाऊजी बाहेर गेलेले बघून सगळ्या बाटल्यांत मूठ मूठ मीठ टाकलं, विरघळेपर्यंत हलवलं, बुचं लावून टाकली. हुश्श!

एवढ्यावर थांबले तर मी कसली? फळीवरून जंतू खाली उतरले असले तर? पाणी तर मोजकं. मग मिठाच्या पाण्यात फडका बुडवून मंगलचे हातपाय पुसायचे. ती हलली की पूस, रांगली की पूस!

बरेच दिवस गेले. एका सकाळी बघते तर बाटल्या लालभडक! मंगलला उचलते तर तिचेही हातपाय लाल! जंतू वाढले आणि पोरीला चढले! मग मी काय केलं असेल? मीठ वाढवलं. बाटलीतही आणि फडक्यातही.

तिकडे भाऊजी अंगणात नाचतायत!

“वहिनी, मीठ कमी हुतं त्या बाटलीतबी जगलाय! असला जंतू कुठं वाचला न्हाई. नवी जात हाय! सरांना दाखवायलाच पायजे!”

“अवो भाऊजी, आधी पोरीचं बघा!”

“तिचंच नाव देऊ की त्याला!”

ऐकलंत? पोरीला चढलेल्या रोगाला पोरीचंच नाव! मी भोकाडच पसरलं.

सासूबाईंनी मंगलला कडेवर घेतलं. “ऊठ गं, दवाखान्यात चल. रडून का पोर बरी हुती व्हय?” भाऊजी लाल बाटली घेऊन मागोमाग.

डॉक्टरांनी मंगलचा हात चोळला. बोटाला पांढरी भुकटी लागली.

“बाई, अंगाला काय लावता?”

“मिठाचं पाणी.”

“कशासाठी?”

“जंतू मरायला. बाटल्यांतपण घातलंय.”

भाऊजींच्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली.

“कंच्या बाटलीत?”

“सगळ्या. कमी मिठाच्यातपण.”

“वहिनी! अवो मीठ म्हंजी त्यांची गूळपोळी! नुसत्या साध्या पान्यात टाकलं असतं तर फुटून मेलं असतं की!”

डॉक्टर हसू दाबत म्हणाले, “बाई, हे लेकरू आहे की लोणच्याची कैरी? साध्या पाण्यानं धुवा आणि खोबरेल लावा.”

मंगलची कातडी लवकरच पहिल्यासारखी झाली. भाऊजींची नवी जात मात्र दवाखान्याच्या बाकावरच जुनी झाली. बिचाऱ्यांनी सगळ्या बाटल्या पहिल्यापासून मांडल्या, त्याच फळीवर.

मिठाची बरणी तेवढी सासूबाईंच्या खाटेखाली गेली, ती आजतागायत तिथंच आहे. स्वयंपाकाला चिमूटभर मीठ मागायला गेले, की बरणीवर हात ठेवून त्या विचारतात,

“आमटीला पायजे, का पोरीला?”