टाकीमागचा सूर्य

येरवड्यातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर कचरू ओव्हाळ रोज पहाटे चढायचे. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला. खालून ललिताबाईंचा आवाज यायचा, "अहो, चहा झालाय. सूर्य काही पळून जात नाही."

कचरूंचं मत वेगळं होतं. सूर्य पळूनच जातो. केशरी गोळा वर येतो न येतो तोच पांढरा पडतो, आणि मग त्याच्याकडे बघवतही नाही.

हे त्यांना फार उशिरा कळलं. टेलिफोन खात्यात ते केबल जॉइंटर होते. पुण्यात घरोघरी फोन घ्यायची झुंबड उडाली, ती वर्षं त्यांनी रस्त्याखालच्या मॅनहोलमध्ये बसून काढली. रंगीत तारांच्या जोड्या जुळवताना वर सकाळ आहे की संध्याकाळ, याचा पत्ता नसायचा. पुढे मोबाईल आले, लोकांनी घरचे फोन काढून टाकले आणि कचरूही निवृत्त झाले. मुलगी पूर्वा खराडीच्या एका आयटी कंपनीत लागली. तिने नवा फोन घेतला तेव्हा जुना वडिलांच्या हातात ठेवला. "बाबा, कॅमेरा चांगला आहे याचा."

तेव्हापासून सकाळी गच्ची आणि संध्याकाळी पर्णकुटीची टेकडी. उगवता आणि मावळता, दोन्ही सूर्य कचरूंच्या फोनमध्ये जमा होऊ लागले.

फोटो काढायची त्यांची एक रीत होती. गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग, डिश, केबलच्या वायरी, वाळत घातलेले कपडे. यातलं काही म्हणता काही फोटोत येता कामा नये. ते चवड्यांवर उभे राहायचे, फोन डोक्याच्याही वर धरायचे, आणि खाली आल्यावर चष्मा लावून उरलंसुरलं कापून टाकायचे. मग उरायचं ते नुसतं आभाळ, केशरी आणि जांभळं. फोटो गोव्याचा म्हटला तरी खपला असता.

हे फोटो ते 'जुनी लाईन' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे. खात्यातले निवृत्त मित्र त्यात होते. सकाळ झाली की तिथे गुलाबाची फुलं, वाफाळते कप आणि सुविचार यांचा पूर यायचा, आणि त्यात कचरूंचा सूर्य बुडून जायचा. एकदा धीर करून त्यांनी फोटोखाली लिहिलं, 'हा मी काढला आहे.'

बिबवेवाडीहून हिंमतरावांचं उत्तर लगेच आलं. 'हो का? मग ताजमहाल मी बांधला.'

त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कचरूंनीही एक हसरा चेहरा पाठवला, पण तो काही खरा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात कहर झाला. हिंमतरावांनी ग्रुपवर एक फोटो टाकला. खाली दोन गुलाब, वर सोनेरी अक्षरांत 'सुप्रभात', आणि मधे टेकडीवरून टिपलेला कचरूंचाच मावळता सूर्य! कुठून कुठून फिरून, नटूनथटून तो परत आला होता. 'वा हिंमतराव, काय फोटो शोधलात!' असं चौघांनी लिहिलंही.

कचरूंनी फोन उशीखाली ठेवून दिला.

"त्यांना सांगा की," ललिताबाई म्हणाल्या.

"काय सांगू? कामावर असताना मी नुसतं म्हणायचो, लाईन चालू झाली. हिंमतराव तपासायचेसुद्धा नाहीत. कचरू म्हणाला ना, मग झाली. आता त्याच माणसाला मी थापाड्या वाटतो."

"वाटणारच. तुमच्या फोटोत आपलं घर असतं कुठे?"

"घराचा काय फोटो काढायचा?" कचरू म्हणाले आणि कूस बदलून पडले.

त्यानंतर गच्ची सुटली. सकाळी ते चहा घेऊन निमूट पेपर वाचू लागले. ललिताबाईंना ते शहाणपण बघवेना.

एका सकाळी त्या कपडे वाळत घालायला वर गेल्या आणि जिन्यातूनच ओरडल्या, "अहो, या लवकर! ढगांना काठ आलाय बघा!"

कचरू पेपर टाकून, फोन उचलून धावले. चष्मा खालीच राहिला. वर आभाळ असं पेटलं होतं की चवड्यांवर उभं राहायचंही त्यांना सुचलं नाही. अंदाजाने बटण दाबलं, आणि रुसवा विसरून फोटो ग्रुपवर पाठवूनही दिला.

खाली येऊन चष्मा लावला, तेव्हा त्यांना घाम फुटला. फोटोत अर्धा सूर्य टाकीच्या मागे होता. वायरी होत्या, पलीकडच्या विहाराचा पंचशील ध्वज होता, ललिताबाईंचा चिमटा धरलेला हात होता. आणि टाकीवर पांढऱ्या रंगात ठळक नाव: ओव्हाळ. कोणाची टाकी कुठली यावरून भांडणं नकोत, म्हणून सगळ्यांनीच आपापल्या टाकीवर नावं घातली होती. पाठवलेला फोटो परत घ्यायची सोय तेव्हा नव्हती.

फोन वाजला. हिंमतराव.

"कचरू, ती टाकी तुझी?"

"जय भीम, हिंमतराव. हो."

"माझीच अक्षरं आहेत ती, मीच रंगवली होती! तू शिडी हलवलीस म्हणून नाव उताराला लागलंय."

"शिडी मी नाही हलवली. तुम्हीच थरथरत होतात."

"म्हणजे ते सगळे फोटो…"

"मीच काढले."

"आणि तो गुलाबवाला?"

"तोही माझाच. गुलाब सोडून."

"अरे मग आधीच टाकी दाखवायला काय झालं होतं तुला? लाजतोस कसला?" हिंमतरावांनी फोन आपटला. थोड्याच वेळात ग्रुपवर त्यांचे शब्द आले: 'सूर्य कचरूचा आहे. सगळे जुने फोटोही त्याचेच. मी तपासलेलं नाही, तपासायची गरज नाही. ताजमहाल मी बांधलेला नाही.'

कचरूंनी ते दोनदा वाचलं आणि ललिताबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं.

"माझा हात बरा आलाय," त्या फोटो निरखत म्हणाल्या.

आता टाकी रोज असते. एखाद्या दिवशी नसली की ग्रुपवर विचारणा होते, 'आज पाणी आलं नाही का?' आणि रविवारी तर भल्या पहाटे हिंमतराव स्वतःच स्कूटरवरून आले. हातात रंगाचा डबा. ते उतरतं नाव त्यांना सरळ करायचं होतं.

शिडी लागली. कचरूंनी एका हाताने ती धरली आणि दुसऱ्या हाताने फोन वर केला.

"आला का सूर्य?" वरून हिंमतरावांनी विचारलं.

"नाही. मधे तुम्ही आलात."

"मग पाठव तसाच," हिंमतराव म्हणाले, "आणि शिडी हलवू नकोस."