डिशला लागलेली दृष्ट

सांगते, पण हसायचं नाही असं आधी कबूल करा. नाहीतर हसा बाई, तळेगाव ढमढेऱ्यातलं अर्धं गाव माझ्या दारात उभं राहून हसून गेलंय, त्यात तुमची भर!

तेव्हा गावात मोबाईल औषधालासुद्धा नव्हते. आमच्या ह्यांनी घराच्या पुढच्या खोलीत इंटरनेटचं दुकान टाकलं होतं. दोन कॉम्प्युटर, एक करकरणारा पंखा आणि छपरावर ही भली मोठी डिश. डिश बसली त्या दिवशी आमचे सासरे, आबा, अंगणात मान वर करून कितीतरी वेळ उभे. धनगराचं घर आमचं. आबांच्या वडिलांनी मेंढरं राखली, आबांनी ऊस लावला, आणि लेकानं आभाळाला परात लावली.

"हिच्यातनं काय येतं म्हणायचं?" आबांनी विचारलं.

"जगातलं समदं येतं, आबा."

"आन् आपल्याकडनं जायाचं आसलं तर?"

"त्ये फोनच्या वायरीतनं जातं. आपण फोननं मागायचं, डिशनं माल येतो."

"यायला येवढी परात, आन् जायला सुतळी व्हय?"

आम्ही नवराबायको पोट धरून हसलो. पुढं त्याच सुतळीनं माझा गळा आवळला, ते सांगतेच.

आबांनी तिथंच शब्द टाकला. "धाव्वीचा निकाल लागंपातूर बघतो. त्या दिशी गावाला निकाल दावलास, तर खुशाल चालव दुकान. न्हाईतर परात खाली काढणार आन् कोंबडीची पिल्लं झाकणार. घारीपास्नं वाचतील तरी."

आबा बोलले म्हणजे करणार! ह्यांची झोप उडाली. तेव्हापासून घरात देवाच्या नावाआधी निकालाचं नाव.

आता माझं ऐका. शिक्षण सातवी, आणि स्वभाव काळजीचा. पहिलंच बाळ. बाळ्या शिंकला की मला दवाखाना दिसायचा, गाढ झोपला की नाकापाशी बोट नेऊन श्वास बघायचे, आणि माझ्या बोटानं तो जागा झाला की रडतोय का म्हणून परत काळजी! पण सगळ्यात मोठी धास्ती नजरेची. बाळ दिसायला गुटगुटीत, आता आईनंच म्हणू नये, पण होताच. शेजारच्या वत्सलाकाकू कुंपणावरून "बघू गं जरा" म्हणाल्या की मी पदर ओढून म्हणायचे, "झोपलाय." आणि पदराखालून हा हसून हुंकार द्यायचा.

एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हे शिरूरला गेलेले. कॉम्प्युटरवर डोळ्यासारखा छोटा कॅमेरा बसवला होता, तो चालवायला ह्यांनी मला शिकवलं होतं. मी खाली गोधडी अंथरली, बाळ्याला उताणा ठेवला, कॅमेरा त्याच्यावर वळवला आणि केला चालू. म्हटलं, मोठा झाल्यावर बघेल.

आणि त्याच वेळेला गडी पालथा पडला की हो! आयुष्यात पहिल्यांदा! डोकं वर काढून कॅमेऱ्याकडं बघून असा हसला...

माझा आनंद एक क्षण टिकला. दुसऱ्या क्षणाला वाटलं, आता लागणार दृष्ट. धावत आत गेले, मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन आले आणि तिथंच त्याच्यावरून ओवाळायला लागले. माझं माहेर दौंडचं. आमच्याकडं नुसतं घरची-दारची म्हणून भागत नाही, ज्याचा संशय त्याचं नाव घ्यावं लागतं, तरच दृष्ट निघते, अशी आईची शिकवण. तर मी एकेकाचं नाव घेतलं. मग आत जाऊन मिरच्या चुलीतल्या निखाऱ्यावर टाकल्या. ठसका लागला तर दृष्ट साधी. पण लागला नाही! आणि ठसका नाही लागला म्हणजे दृष्ट लई मोठी होती, असं समजायचं.

परत आले तर काय, कॅमेरा चालूच. सगळं आवाजासकट आत गेलेलं.

पुसून टाकायला जीव होईना, बाळ्याचं पहिलं पालथं पडणं होतं ते. ठेवायचं तर कुठं? हे म्हणायचे, "गाण्यांच्या कप्प्यातलं मी काय बी पुसत न्हाई." ह्यांच्याकडं गाणी उतरवायचं एक सॉफ्टवेअर होतं. जगात कुणाच्याही कॉम्प्युटरातलं गाणं म्हणे आपल्याकडं ओढून आणायचं. ओढलेली गाणी पडायची त्या कप्प्यात. मी बाळाला त्या कप्प्यात ठेवलं.

पण नाव काय द्यायचं? 'बाळ' म्हणून ठेवलं तर कुणीही उघडून बघणार. मग मी डोकं चालवलं. त्या वर्षी एक गाणं होतं, हळदीत तेच, मिरवणुकीत तेच, ट्रॅक्टरवर तेच. लोक ऐकून ऐकून विटले होते. म्हटलं, ह्या गाण्याचं नाव दिलं तर कोण मेला उघडतोय? ह्यांनी ते गाणं शोधून ठेवलं होतं, त्यांच्याकडं ते काही केल्या उतरत नव्हतं. त्याच्या नावातली इंग्रजी अक्षरं पडद्यावर बघून बघून, रांगोळीचे ठिपके मांडावेत तसं मी नाव टाकलं. आणि स्वतःवर इतकी खूश झाले, इतकी खूश, की संध्याकाळी शिरा केला.

दोन दिवसांत इंटरनेट बसलं.

बसलं म्हणजे कसं? एक पान उघडायला लावावं आणि तांदूळ निवडून यावेत, तरी अर्धंच उघडलेलं. निकाल तोंडावर आलेला. ह्यांनी फोनची वायर बदलली, फोन बदलला, कॉम्प्युटर उघडून ब्रशनं धूळ काढली. काही नाही. शेवटी डिशवाल्यांकडचा माणूस पुण्याहून बोलावला. सगळे त्याला साहेब म्हणायचे, गळ्यात टाय होता म्हणून. साहेब शिडीवर चढले आणि वरून ओरडले, "ही चप्पल कोणाची?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

आता ट्रकच्या मागं जुनी चप्पल बांधतात की नाही? नव्या घराला काळी बाहुली टांगतात की नाही? डिश एवढी उघड्यावर, येणारा-जाणारा टकामका बघतोय, म्हटलं तिलाही लागेल. म्हणून मीच बांधली होती.

"वहिनी, सिग्नल उपग्रहावरनं येतो," साहेब म्हणाले. "चपलीवरनं नाही."

चप्पल निघाली. इंटरनेट तसंच. मग साहेबांना वत्सलाकाकूंच्या शेवग्याच्या झाडाचा संशय आला. फांदी आड येत असेल. मी लगेच री ओढली, "तेच असणार! त्यांचंच काहीतरी असणार!" काकू बिचाऱ्या कुंपणापाशी आल्या.

"अगं, शेंगा धरल्यात की तिला."

"काकू, तुमच्या मंदाचा बी निकाल हायेच की," हे म्हणाले.

मंदा म्हणजे त्यांची लेक, दहावीला बसलेली. पोरीचं नाव निघालं तसा काकूंनी स्वतः कोयता आणून दिला. फांदी पडली. इंटरनेट तसंच!

आणि निकालाचा दिवस उजाडला.

काय सांगू गर्दी! पोरं, पोरांचे बाप, मामा, सायकली, मोटरसायकली. साहेबांना ह्यांनी परत बोलावून घेतलेलं. सगळ्यात पुढं वत्सलाकाकू, मंदाचा नंबर पदराच्या गाठीत बांधून. आणि आबा? आबा पायरीवर बसलेले, शेजारी टोपलीत कोंबडीची पिल्लं. हो, टोपली घेऊनच आले होते! मधूनच मान वर करून डिशचं माप घ्यायचे.

नंबर टाकला. पडदा पांढरा. परत टाकला. पांढरा.

"आरं, दाव की लवकर!"

"माझा भाचा बेशुद्ध पडायचा हितं!"

"उतरवू का रं परात?" पायरीवरून आबा.

ह्यांच्या कपाळावर घाम. मी बाळ्याला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात साहेबांचा चहा घेऊन दारात उभी. साहेबांनी काहीतरी दाबलं, आणि एकदम म्हणाले, "अहो, तुमची फोनची लाईन तुंबलीय! डिश ठणठणीत आहे. तुमच्याकडनं सारखं काहीतरी बाहेर जातंय. निकालाची मागणी जायला जागाच नाही!"

"माझ्याकडनं काय जाणार?"

"गाण्याचं सॉफ्टवेअर चालू ठेवलंय ना? त्याच्यात जगाकडचं आपल्याला मिळतं, तसं आपल्या कप्प्यातलं जगाला मिळतं. हे बघा, केवढी रांग लागलीय! सगळ्यांना एकच गाणं पाहिजे."

साहेबांनी गाण्याचं नाव वाचलं. माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

हे म्हणाले, "त्ये गाणं माझ्याकडं न्हाईच! म्हैना झाला, उतरंना! बघू..."

"अहो, नका!" मी ओरडले. पण त्यांनी उघडलं होतं.

गिऱ्हाईक यावं म्हणून दारात लावलेले ते दोन मोठे स्पीकर, ते चालू होते बरं का. पडद्यावर आमची गोधडी. गोधडीवर बाळ्या. बाळ्या पालथा पडला, गर्दीतल्या बायका "अगं बया, गोड!" म्हणाल्या. आणि मग पडद्यात माझा हात आला, मीठ-मोहऱ्यांची मूठ गरगर फिरायला लागली, आणि स्पीकरमधून माझा आवाज पार एसटी स्टँडपर्यंत गेला:

"शेजारच्या वत्सलाकाकूची दृष्ट निघू दे! तिचे डोळे लय वंगाळ..."

ह्यांनी स्पीकरची वायर उपटली. पण जे जायचं ते गेलं होतं.

फक्त टोपलीतली पिल्लं चिवचिवत होती.

साहेबांनी पडद्यावर खाली आलेला इंग्रजी निरोप वाचून दाखवला. कुठल्या परदेशातल्या माणसानं पाठवला होता कोण जाणे. "म्हणतोय, गाणं नाही निघालं, पण बाळ फार गोड आहे."

बघा! ज्या बाळाला मी कुंपणापलीकडं दाखवलं नाही, ते समुद्रापलीकडं पालथं पडून आलं होतं!

काकू सावकाश वळल्या. मी डोळे मिटले.

"आधी माझ्या मंदीचा निकाल बघू दे," त्या म्हणाल्या. "मंग तुज्याकडं बघते. ह्याच वंगाळ डोळ्यांनी."

आणि जो हशा उठला म्हणता! आबासुद्धा टोपली धरून हसत होते.

साहेबांनी ते सॉफ्टवेअर बंद केलं. लाईन मोकळी. नंबर टाकला तसा खटकन निकाल! मंदा पास, पहिल्या वर्गात! मग एकामागून एक, सगळं गाव निकाल बघून गेलं. आबांनी पिल्लं उचलली आणि वाड्यात जुन्या डालग्याखाली नेऊन झाकली. डिश वाचली.

संध्याकाळी काकू पेढे घेऊन आल्या. मी पाया पडले, शेवग्याच्या फांदीसकट सगळ्याची माफी मागितली. काकूंनी माझ्या कडेवरनं बाळ्याला सरळ उचललं, पोटभर बघितलं, मुका घेतला. "किती दिस लपवशील गं बाई? आख्ख्या जगानं बघितला, एक मीच राह्यले हुते." मला रडू आलं आणि हसूही.

आता तुम्ही म्हणाल, झालं, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं. मनात एक समाधानही होतं, की वायर वेळेवर उपटली गेली. कारण काकूंच्या नावानंतर मी आणखी एक नाव घेतलं होतं, ते कुणी ऐकलं नाही. आणि आता तर ह्यांनी कप्प्यातनंही पुसलं होतं.

पुढं दिवाळीनंतर माझ्या चुलतभावाची हळद होती, दौंडला. माझ्या भावाच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, हौसेनं नवा सीडी प्लेअर घेतलेला. स्टेशनाबाहेरच्या टपरीवरनं नाचाच्या गाण्यांची सीडी आणलेली. हळद लागली, बायका पदर खोचून उभ्या राहिल्या. वहिनी म्हणाली, "आता त्ये गाणं लागणार बघा, ह्या वर्षीचं!"

टीव्हीवर गोधडी दिसली.

त्या टपरीवाल्यानंही नाव बघूनच इंटरनेटवरनं उतरवलं होतं, आणि न बघताच सीडीत भरलं होतं!

"अगं बया, ह्यो तर आपला बाळ्या!" वहिनी आनंदानं किंचाळली. "मामंजी, या हिकडं! समदे या! आपला बाळ्या सीडीत आला!"

आतली बाहेर आली, बाहेरची आत आली. मी रिमोटवर झेप घेतली. वहिनीनं तो हात वर करून धरला, "थांब की, बघू दे!" वायर कुठं आहे म्हणून मी टीव्हीमागं शिरले, तोवर काकूंची दृष्ट काढून झाली होती, आणि माझा आवाज खणखणीत पुढं म्हणाला:

"आन् दौंडच्या माझ्या वहिनीची निघू दे! तिची नजर तर दगड फोडती!"

मी टीव्हीमागंच बसून राहिले. बाहेर यायची हिंमत होईना.

वहिनी आत गेली. मीठ, मोहऱ्या आणि मूठभर मिरच्या घेऊन आली. मला हाताला धरून टीव्हीमागून काढलं, हळदीच्या पाटावर बसवलं, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्यावरून मूठ ओवाळली.

"ह्या बयेच्या नजरंतनं माझी, वत्सलाकाकूची आन् समद्या जगाची सुटका होऊ दे!"

आणि मिरच्या टाकल्या चुलीत.

सगळे ठसक्याची वाट बघत उभे. आणि खरं सांगते, एवढ्या मूठभर मिरच्या जळल्या, पण त्या भरल्या घरात एकाला म्हणून ठसका लागला नाही!