टाकीतलं खारं पाणी

परवा कैऱ्या खारवायला मिठाचं पाणी केलं, आणि त्या वासासरशी मस्तगडच्या घरातली सासऱ्यांची, म्हणजे आमच्या मामांची, काचेची टाकी आठवली. सासूबाई गेल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नव्हते. एक दिवस अचानक त्यांनी ती टाकी आणली आणि समुद्री मिठाचं पाणी करून तिच्यात दगड रचले. मासा मात्र एकही नाही. वर कोळंबीचा एक तुकडा मुद्दाम सडायला टाकला. घरभर वास सुटला तशी मी गोंधळून नवऱ्याला विचारलं, "मामांचं डोकं बराबर हाय ना?" ते ऐकून मामाच शांतपणे म्हणाले, "पाणी तयार होऊन राह्यलंय. ह्या सडक्या तुकड्यावर त्यात चांगले जंतू वाढतेत, मग ते माशाची घाण खातेत. आत्ताच मासा सोडला तर मरंल तो." पुढं कित्येक आठवडे ते रिकाम्या टाकीसमोर बसून पाणी तपासत राहिले. शेवटी संभाजीनगरहून नारिंगी-पांढरा मासा आणून त्यांनी हळूच सोडला. तो घाबरून दगडामागं दडला, तसे मामा काचेला गाल लावून म्हणाले, "भिऊ नको, घर तुझंच हाय," आणि हमसून हमसून रडायला लागले. हातात टॉवेल घेऊन मी दारातच उभी राहिले. जवळ जायला हवं होतं की त्यांना एकटं राहू देणंच बरं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.