बादलीच्या झाकणावरची पोळी

पाडव्याचा दिवस. शिरूरची एक कॉलनी. रंगवलेलं फाटक, वर गच्चीत साखरेच्या गाठी घातलेली गुढी. मी घंटागाडीवर कचरा गोळा करणारी, फाटकापाशी उभी. बाई बाहेर आली. एका हातात कचऱ्याची बादली, दुसऱ्या हातात त्याच बादलीचं झाकण. झाकणावर पुरणपोळी.

झाकणाच्या कडंला चहाचा चोथा चिकटलेला. पोळीवरचं तूप ओघळून त्या चोथ्याला लागलं होतं.

"घे, सणाचं आहे," बाई म्हणाली.

मी म्हणलं, "वैनी, झाकणावर?"

"मग काय ताट देऊ? दिवसभर त्यातच हात घालतेस की तू."

हसून म्हणाली. रागानं म्हणाली असती तर एवढं लागलं नसतं. तिला खरंच वाटत होतं, आपण पुण्य करतोय. आग लागो असल्या पुण्याला!

ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत. आमच्या गाडीवरचा भोंगा रोज हेच बोंबलतो. आन् लोक देत्यात काय? खरकट्या भातात लेकराचं डायपर. केळीच्या सालीत ब्लेड. मग गाडी चालू असतानाच मागं उभं राहून आम्ही हातानं निवडायचं. हातमोजे दिल्यात, तेबी अंगठ्याला फाटलेले. शिकलीसवरलेली माणसं ही, दारात दोन-दोन मोटारी. दोन बादल्यांतला फरक कळत न्हाई म्हणत्यात. पण ताट कुणाला द्यायचं आन् झाकण कुणाला, हे बरोबर कळतं. तिथं न्हाई कुणाची गल्लत होत.

मी झाकण घेतलं. पोळीसकट फाटकाच्या खांबावर ठेवलं.

"वैनी, पोळी तुमची, झाकणबी तुमचं. तुम्हीच खावा."

मग बादली हातात घेऊन आत बघितलं. वर देठं, खाली फुटकी काचेची बरणी. बादली तिथंच ठेवली. म्हणलं, "हे वेगळं करून द्या, मग नेते."

झालं! बाईनं कॉलनी डोक्यावर घेतली. "कचरावालीचा माज बघा!" तिचा नवरा 'भाऊ' म्हणून मिरवणारा, गावच्या राजकारणातला. त्यानं फोन लावला. आमचा मुकादम फटफटीला किक मारून लगोलग हजर. मागं एकदा माझ्या हाताला टाके पडले, तवा ह्याच मुकादमाला यायला दुपार झाली होती.

त्यानं काय झालं ते इचारलंसुद्धा न्हाई. "माफी माग. बादली उचल. न्हाईतर उद्यापासून डेपोवर."

डेपो म्हंजी गावाबाहेरचा कचऱ्याचा ढीग. ऊन, धूर, मोकाट कुत्री. गाडीवरच्या बायकांना त्याचंच भ्या दाखवत्यात. आमच्या गाडीचे ड्रायव्हर मामा भला माणूस, पण तेबी खिडकीतनं हळूच म्हणले, "पोरी, मिटव की. कशाला मोठ्यांच्या नादी लागती?"

खोटं कशाला बोलू, तोंडातनं "चुकलं" निघणारच होतं. तेवढ्यात मला आईचा कप आठवला.

आई न्हावरे गावाकडच्या एका बागायतदाराच्या गोठ्यात शेण काढायची. तिचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात, पालथा. प्यायचा, आपला आपण धुवायचा, परत पालथा घालायचा. आमच्यासारख्यांसाठी ही तिथली रीत. ते काम सुटून किती वरसं झाली. आई आता माझ्याकडं शिरूरला असती. आन् अजून, स्वतःच्या लेकीच्या घरात, कप धुवून उंबऱ्याबाहेर पालथा घालती! किती बोलले तिला. म्हणती, "ऱ्हाऊ दे गं, सवय हाय."

त्या फाटकापाशी मी तोंडातला शब्द गिळला. आज मी "चुकलं" म्हणले, तर उद्या माझाबी कप उंबऱ्याबाहेर जाणार. कुणी न सांगता, माझी मीच ठेवणार.

म्हणलं, "माफी न्हाई मागणार. काच बाजूला काढून द्या, आत्ता उचलते."

"मग बस डेपोवर," मुकादम म्हणाला.

बसले. तवापासनं डेपोवरच हाय. खोकला लागलाय. केसातला वास साबणानं जात न्हाई. त्याच कॉलनीच्या पिशव्या येत्यात, अजून तशाच, भात आन् काच एकत्र. मुकादम मधनंमधनं येतो, लाडीगोडीनं बोलतो, "त्या बाईला एकदा 'चुकलं' म्हण, परत गाडीवर घेतो. दोन मिनिटांचं काम." माझ्याशेजारी निवडणारी मावशी म्हणती, "म्हणून टाक की. शब्दानं अंगाला भोकं पडत न्हाईत." पडत्यात मावशी. माझी आई बघा येऊन.

पाडव्याच्या त्या संध्याकाळी घरी गेले. उंबऱ्याबाहेरचा कप उचलला आन् आत फळीवर आमच्या कपांच्या रांगेत ठेवला, सरळ. सकाळी बघते तर कप परत बाहेर, पालथा. मी परत आत आणला.

असंच चाललंय. ती बाहेर ठेवती, मी आत आणते. ती थकंल. मी न्हाई थकणार. आन् मुकादमाला सांगून ठेवलंय, त्या बाईला माझी माफी मागायची असंल तर तिला डेपोवर घेऊन या. काच निवडता निवडता ऐकून घेईन.