चपला शोधायचा कॅमेरा

आमच्या बाईंच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं काम केलं. बाई म्हणजे बायकांच्या डॉक्टरीण. मी नंबर लावायची, सुया उकळायची. माझी शाळा चौथीतच सुटली होती, पण केसपेपरावरची नावं वाचून वाचून मी नीट वाचायला शिकले. तेही बाईंमुळंच.

मोबाईल नुकते घरोघरी यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. दवाखान्याच्या दारातून चपला चोरीला जायला लागल्या. कोडोली गावची एक पेशंट तर भर उन्हात अनवाणी स्टँडवर गेली. मग कॅमेरे बसवायचं ठरलं. बसवणारा सोनारांच्या दुकानांत कॅमेरे लावून तयार झालेला. त्यानं एक दारात लावला आणि एक आत, तपासायच्या खोलीत. म्हणे, औषधांचं कपाट तिथंच हाय की! कॅमेऱ्यांतलं दिसणारा टीव्ही ठेवला माझ्या टेबलावर, तोंड बसलेल्या बायकांकडं. तपासणी उरकून औषधाला थांबलेल्या बायका खूश, त्यात स्वतःला बघून पदर सारखा करत होत्या. मीही बघत बसले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पेशंट यायच्या आधी बाई तपासायच्या टेबलावर स्वतः आडव्या झाल्या आणि आतून ओरडल्या, "मावशी, काय दिसतंय?"

"तुमचं पाय दिसत्यात की बाई! गुडघ्यापतोर."

बाई ताडकन उठल्या. स्टुलावर चढून त्यांनी जखमेची चिकटपट्टी कॅमेऱ्याच्या डोळ्यावर मारली आणि संध्याकाळी तो काढायलाच लावला. टीव्ही त्यांच्या खोलीत गेला. पाटी मला लिहायला लावली, 'दारात कॅमेरा आहे. आत नाही.' माझं अक्षर वाकडं, तरी तीच लावली. म्हणाल्या, "आपण चपला शोधायला कॅमेरा लावलाय मावशी, माणसं शोधायला न्हाय."

हे मला तेव्हा अर्धंच कळलं होतं.

आमच्या गल्लीतल्या एका घरची सून त्याच सुमारास, मूल राहू नये म्हणून, तांबी बसवून गेली. दोन लहान मुली, अंगात रक्त नाही, आणि सासूला नातू हवा. घरी कळलं असतं तर तिची माहेरी रवानगी ठरलेली. मला सगळं ठाऊक होतं. आणि एक दिवस सासूच दारात उभी.

"वैनी, सोमवारी आमची सून हितं आलती म्हणं. त्या टीव्हीत दाव बघू."

नाही तरी कसं म्हणायचं? रोजची शेजारीण, एकमेकींकडं साखर-पीठ चालणारं. मी म्हटलं, ते बाईंनाच विचार. बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "काकी, ते फक्त चपला हरवल्या तरच बघतो."

सासू फणकारून गेली. तासाभरानं परत हजर, अनवाणी.

"बाई, माझी चप्पल गेली!"

"कधी?"

"सोमवारी."

"मग मघाशी काय घालून आलता?"

बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. काखेतल्या पिशवीतून चपलेचा अंगठा डोकावत होता. मी तर खदखदून हसणार होते, पण बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी केसपेपर लावायला लागले. बाई सासूशेजारी बाकावर बसल्या आणि हळू म्हणाल्या, "काकी, उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारायला आलं, तुमचा मुलगा आला, तरी मी हेच म्हणणार. सुनेला एक न्याय आणि तुम्हाला दुसरा, असं हितं नसतंय."

दुसरी कुणी असती तर तिनं पिशवी ओढून सगळ्यांना दाखवली असती. बाईंनी पिशवीकडं पाहिलंसुद्धा नाही.

बाई आत गेल्या. सासू काही उठेना. माझ्या पाटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "वैनी, काय ल्हिलंय गं ते?"

मी वाचून दाखवलं.

"आत न्हाय म्हंजे न्हाईच?"

"न्हाईच."

"बाई कुणाला सांगत न्हाईत?"

"तुला सांगितलं का?"

ती इकडंतिकडं बघून उठली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माझं खालनं अंग भाईर येतंय गं. धा वर्सं झाली. कुणाला बोलली न्हाय."

मी केसपेपर काढला. तिनं पिशवीतनं चपला काढल्या, दारात कॅमेऱ्याखाली जोडीनं ठेवल्या आणि आत गेली.